आधी टेप, मग लेन्स

(मंडळाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फलकावर आमच्या भाषणाचा विषय वाचून दोन-तीन काकूंनी विचारलं, की मखराचे फोटो कसे काढायचे ते सांगणार का? मखर येईल ओघात. पण खरा विषय असा आहे, की रोलच्या जुन्या कॅमेऱ्यासाठी, खिशाला परवडेल अशी, जास्त रुंद बघणारी लेन्स कशी निवडावी. हे ऐकून कुणी उठून गेलं तर आम्ही वाईट वाटून घेणार नाही. मात्र ज्यांच्या घरी अजून कडीपाटाचं छत आहे, लाकडी खांब आहेत, त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत बसावं. त्यांच्याशी आमचं काम आहे.

आम्ही म्हणजे तिघं. एक चित्रकलेचे मास्तर, एक औषधाच्या दुकानाचे मालक, आणि तिसरा सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला, जो आत्ता तुमच्यासमोर उभा आहे. तिघांत मिळून एक कॅमेरा. तो असा आला. राजवाड्यामागच्या एका स्टुडिओच्या मालकांनी वय झालं म्हणून दुकान आवरलं. मास्तरांची त्यांच्याशी जुनी ओळख. ते म्हणाले, "भंगारात द्यायला हात होत नाही, तुम्ही घेऊन जा." कॅमेरा मामिया सी ३३०. दोन डोळ्यांचा. वरच्या डोळ्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून बघायचं. तुमच्यापैकी कित्येकांच्या लग्नात अशाच ठेवणीचा यशिका मिरवला असेल. फरक इतकाच, की यशिकाची लेन्स कायमची बसवलेली असते, आणि मामियाची वरची-खालची जोडी एकत्र काढून दुसरी जोडी लावता येते. १९६९ साली हे मॉडेल बाजारात आलं. आमच्यापेक्षा वयाने मोठं.

याला १२० चा रोल लागतो. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो. म्हणायला सहा बाय सहा सेंटिमीटर, पण निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर चौरस भरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या रोलपेक्षा हिचं क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. म्हणजे प्रिंट मोठी केली तरी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येते, खांबावरचं कोरीवकाम बोटाने मोजता येतं. आम्हाला हेच हवं होतं.

कारण आम्ही ठरवलं होतं, की जुन्या इंदुरातल्या मराठी घरांचे फोटो काढायचे. माणसांचे नव्हेत, म्हणजे माणसांचेही, पण घरासकट. ओसरी, माजघर, देवघर, जिना, आणि भाद्रपदात बसलेला गणपती. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी होळकरांच्या फौजेबरोबर, दप्तरांबरोबर इकडे आली. सनदा गेल्या, जहागिऱ्या गेल्या, घरं राहिली होती. आता तीही जात आहेत. कुठे भावाभावांत वाटणी, कुठे बिल्डर, कुठे रस्तारुंदी. १९८४ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा आम्ही लहान होतो. पण दगडाचा भाग राहतो आणि लाकडाचा जातो, एवढं त्या वयातही कळलं.

२०२२ च्या गणपतीत आम्ही पहिल्या वाड्यात गेलो. वाडा कुणाचा ते सांगत नाही, पण इथल्या निम्म्या लोकांनी तिथे पंगतीला जेवलेलं आहे. आजी घरात एकट्या. मुलगा पुण्याला, नातू त्याहून लांब. गणपती मात्र माजघरातच बसतो, पाच पिढ्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स ८० ची होती, म्हणजे ८० मिलिमीटरची. या कॅमेऱ्याची ती नेहमीची लेन्स. आम्ही भिंतीला पाठ टेकवून उभे राहिलो, तरी समोरची भिंत मावेना. देवघराचा कोनाडा घेतला तर गौरीचा खांब जाई. खांब घेतला तर समईचा कोपरा जाई. मास्तर म्हणाले, दोन फोटो काढून जोडू. औषधवाले म्हणाले, मोबाइलने काढू. शेवटी गणपतीचा एकट्याचा फोटो काढून आम्ही खाली आलो. छान आला. पण तसा फोटो कुठल्याही घरातल्या गणपतीचा येतो. त्यात ते घर नव्हतं.

मग वाइड अँगलचा शोध सुरू झाला, आणि तिथेच आमची पहिली चूक झाली. आम्ही बाजारातून सुरुवात केली. ४० ची लेन्स, ५० ची, ५५ ची, कुठे काय मिळतं, केवढ्याला मिळतं, याचीच चर्चा तीन महिने. हॅसलब्लाडचं नाव निघालं. चंद्रावर गेलेला कॅमेरा, म्हणजे विषयच संपला. पण त्याची ५० ची नुसती लेन्स आमच्या स्कूटरपेक्षा महाग, आणि बॉडी वेगळी घ्यायची. जुन्या पूर्व जर्मनीचा पेंटाकॉन सिक्स आणि त्याची येनाची ५० ची फ्लेक्टोगॉन लेन्स स्वस्त पडत होती. त्याच माउंटवर बसणारी कीव्हच्या कारखान्याची ४५ ची मीर त्याहून स्वस्त. मास्तरांचं मन तिच्यावर बसलं होतं. पण बॉडी नवी घ्यायची, म्हणजे तितकीच जुनी घ्यायची, आणि ती बिघडली तर इंदुरात हात लावणारा कुणी आम्हाला सापडला नाही. शिवाय हे एका डोळ्याचे कॅमेरे. त्यांच्यात लेन्सच्या मागे आरसा वर-खाली होतो, त्याला जागा सोडावी लागते. म्हणून रुंद लेन्स उलट्या दुर्बिणीसारखी बांधावी लागते. काच वाढते, वजन वाढतं. त्या फ्लेक्टोगॉनला फिल्टर लावायचा तर ८६ मिलिमीटरचा लागतो, पुरणाच्या वाटीएवढा. आमच्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात आरसा वरच्या डोळ्यामागे एका जागी बसलेला. खालचा डोळा मोकळा. त्याच्या ६५ च्या लेन्सला ४९ मिलिमीटरचा फिल्टर पुरतो.

आहे त्या लेन्सच्या पुढे स्क्रूने बसवायचं जोडभिंगही आणून पाहिलं. मधला भाग बरा, कडा मात्र गुलाबजामच्या पाकासारख्या पसरलेल्या. परत केलं.

एके दिवशी औषधवाले वैतागले. म्हणाले, "तुम्ही दिवसभर टेप घेऊन रस्ते मोजत फिरता, इथे तीन महिने अंदाजाने काय बोलताय? खोल्या मोजा ना."

हे आमच्या डिप्लोमावाल्याला आधीच सुचायला हवं होतं. गणित दुसरी-तिसरीचं आहे. निगेटिव्ह ५६ मिलिमीटर रुंद. लेन्स जितक्या मिलिमीटरची, तिने ५६ ला भागा, आणि जितक्या फुटांवर उभे असाल त्याने गुणा. तितके फूट रुंदी फोटोत मावते. दहा फुटांवर उभं राहिलं तर ८० च्या लेन्समध्ये सात फूट मावतात. ६५ मध्ये साडेआठहून जरा जास्त. ५५ मध्ये दहा, म्हणजे जेवढं अंतर तेवढी रुंदी, हिशेबच नको. ५० मध्ये अकरा, आणि ४० मध्ये चौदा. एवढं कळल्यावर लेन्सच्या दुकानात जायच्या आधी घरोघर जायला हवं, हे उघड झालं.

पुढचे दोन महिने रविवारी आम्ही फक्त टेप घेऊन फिरलो. कॅमेरा घरी. सात घरं, त्यांतल्या तेवीस जागा. कुठे उभं राहता येईल, समोरची भिंत किती, कॅमेरा आणि मागचा माणूस मिळून दोन फूट जातात ते वजा करायचे. त्या आजींचं माजघर अठरा फूट लांब, चौदा फूट रुंद. मागच्या भिंतीला टेकून कॅमेरा समोरच्या भिंतीपासून सोळा फुटांवर येतो. ८० मध्ये मावतात अकरा फूट आणि वर दोन-अडीच इंच. पहिल्या वर्षी आम्ही का रडलो ते कागदावर दिसलं. ५५ मध्ये सोळा फूट, म्हणजे ऐसपैस. ६५ मध्ये मात्र पावणेचौदाच्या जरा वर. चौदाला दोन-तीन इंच कमी.

मास्तर लगेच म्हणाले, "झालं, ५५ घ्यावी लागणार." आम्हाला सांगितलेला ५५ चा भाव होता अडतीस हजार, ६५ चा चौदा-पंधरा हजार. तिघांची वर्गणी अठरा हजार.

तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे, तुमच्या मागे दार आहे की. ते उघडा."

खरंच मागच्या भिंतीत जिन्याकडे जाणारं दार होतं, पाटं रचून बंद केलेलं. दार उघडून ट्रायपॉड उंबऱ्यात नेला की एक फूट मिळतो. सतरा फुटांवरून ६५ मध्ये साडेचौदा फुटांहून जास्त मावतं. चौक मोजला. चोवीस फूट, आणि पलीकडच्या ओसरीची खोली धरून अठ्ठावीस फूट मागे जाता येत होतं. तिथेही ६५ बरोबर काठोकाठ. वाड्याचा दर्शनी भाग मात्र कशातच मावत नव्हता. गल्ली पंधरा फुटांची, दर्शनी भिंत छत्तीस फुटांची. अशा जागी ४० ची लेन्सही अठराच फूट देते, अडतीस हजार काय नि दोन लाख काय. ते काम समोरच्या घराच्या गॅलरीतून, तिरप्यानेच व्हायचं.

तेवीस जागांचा हिशेब असा निघाला. ८० मध्ये सहा जागा मावत. ६५ मध्ये, दारं-खिडक्या उघडून, सतरा. ५५ मध्ये एकोणीस. चार जागा कशातच नाहीत. म्हणजे दुपटीहून जास्त पैसे टाकून आम्हाला दोन जागा जास्त मिळणार होत्या. त्यांतली एक न्हाणीघर.

आमचं मत इथेच पक्कं झालं आणि ते आजही तेच आहे. या कॅमेऱ्याला घरातल्या कामासाठी ६५ पुरते. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याच्या भाषेत ती जवळजवळ ३५ ची लेन्स होते, म्हणजे फार रुंद नाही, आणि तेच बरं आहे. चंद्रावर १९६९ साली अंतराळवीरांनी उतरून जे फोटो काढले, त्या हॅसलब्लाडवरही झाइसची ६० चीच लेन्स होती. लेन्स जितकी रुंद, तितका कडेचा माणूस पसरतो. ६५ मध्ये अगदी कडेला उभं राहिलेलं माणूस जेमतेम दहा टक्के रुंद दिसतं. ४० मध्ये वीस टक्क्यांच्या वर. आरतीच्या फोटोत कडेला कोण उभं असतं ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला पुढच्या वर्षीही त्या घरात चहा मिळायला हवा.

आता पैसे जातात कुठे ते सांगतो, कारण आमचे जाता जाता राहिले.

पहिली ६५ आम्ही परगावच्या एका विक्रेत्याकडून घेतली, चौदा हजारांना. नाव सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी नमुन्याचे फोटो पाठवले होते, कडक उन्हातले, एकदम टोकदार. लेन्स आल्यावर आम्ही टॉर्च लावून बुरशी बघितली. हे सगळ्यांनी करावं. लेन्स तिरपी धरून मागून टॉर्च टाकायचा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. शटरचा वेग एक सेकंदावर ठेवून कान लावला. घरघर सलग चालली, मध्ये अडली नाही. पात्यांवर तेल नव्हतं. आम्ही खूश. २०२३ च्या गणपतीत तीन रोल काढले. समईचा उजेड आणि दोन बल्ब, म्हणून लेन्स उघडी, एफ ४ वर.

रोल धुऊन आले. गणपतीचा चेहरा मऊ, आणि त्याच्या मागे दीड फुटावरच्या भिंतीवरचा चुना मात्र टोकदार. छत्तीसच्या छत्तीस फोटो तसेच. रोलची किंमत आणि धुलाई धरून एका रोलला हजाराच्या वर जातात. पण पैशापेक्षा वर्ष गेलं होतं. आजींना प्रिंट दाखवायला गेलो नाही. फोनवर सांगितलं, अजून धुवायचे आहेत.

चूक अशी होती. या कॅमेऱ्यात आपण बघतो एका लेन्समधून आणि फोटो निघतो दुसरीतून. दोघींचं एकमत हवं. आमच्या जोडीत कुणीतरी कधीतरी वरची लेन्स उघडली होती, आणि परत बसवताना तिच्याखालची चकती चुकीची घातली होती. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. उन्हात लेन्स एफ १६ वर असते तेव्हा एवढी चूक झाकून जाते, म्हणून नमुन्याचे फोटो छान. समईच्या उजेडात ती उघडी पडते. विक्रेत्यांना कळवलं. ते म्हणाले, मुदत संपली.

तर दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स घेताना हे आधी करा. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा. जिथे फिल्म असते त्या पट्ट्यांवर बटर पेपर ताणून चिकटवा. शटर बी वर ठेवून उघडं धरा, लेन्स पूर्ण उघडी. सहा फुटांवर वर्तमानपत्र टांगून वरून बघत फोकस करा, आणि मग मागे बटर पेपरवरची अक्षरं भिंगाने बघा. दोन्हीकडे एकदमच स्पष्ट झाली तर जोडी जमलेली. पाच मिनिटांचं काम. लग्नाआधी आपण पत्रिका बघतो, आम्ही इथे बघितली नाही. आणखी एक. लेन्सच्या पुढच्या कडीवरचे, स्क्रूवरचे ओरखडे बघा. स्क्रूचं डोकं कुरतडलेलं असेल तर आत कुणाचा तरी हात गेलेला आहे.

आमची लेन्स सुधारली ती एका काकांनी. ते कॅमेरे दुरुस्त करत नाहीत. ते सर्व्हेची यंत्रं, ऑटो लेव्हल, थिओडोलाइट दुरुस्त करतात, आणि डिप्लोमावाल्याची त्यांच्याकडे कामानिमित्त जा-ये. त्यांनी जोडी उघडली, चकती बघितली, आणि जणू आमच्यासमोर कुणी रस्त्याची लेव्हल चुकवली असावी तसं तोंड केलं. जाड चकती काढली, पितळी पत्र्याची पातळ कापून घातली, बटर पेपरवर ताडून बघितली, परत काढली, घासली. दोन दुपारी गेल्या. बाराशे रुपये घेतले. म्हणजे लेन्स पडली पंधरा हजार दोनशेला. वर्गणीतून अठ्ठावीसशे उरले, त्याचे रोल आले.

आता जरा अवघड भाग.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्या गल्लीची मोजणी झाली. रस्ता रुंद व्हायचा होता. मोजणीच्या पथकात आमचा डिप्लोमावाला होता. टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं, आणि वाड्याच्या आतल्या भिंतीवर लाल रंगाची खूण त्याच्या हाताने पडली. दिंडी दरवाजा आणि पुढची ओसरी खुणेच्या रस्त्याच्या बाजूला. नोकरी आहे. खूण त्याने नसती केली तर दुसऱ्याने केली असती, हे त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही. आजी आतून आल्या, खुणेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मागे आलास तेव्हाही टेपच घेऊन आला होतास."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आम्ही विचारलं, या गणपतीत फोटो काढू द्याल का. म्हणाल्या, "आता काढाच. पण मागच्या वर्षीचे दाखवले नाहीत ते का, ते आधी सांगा." मग खरं सांगितलं.

त्या वर्षी वाड्यात आम्ही तीन दिवस काम केलं. स्थापनेचा दिवस, गौरीजेवणाचा, आणि विसर्जनाच्या आदला. पाटं हलवून मागचं दार उघडलं. ट्रायपॉडचा एक पाय जिन्याच्या पायरीवर, दोन उंबऱ्यात. रुंद लेन्सचा एक नियम गवंड्यालाही कळेल असा आहे. कॅमेरा पाणसळीत ठेवायचा. जरा वर झुकवला की सगळे खांब डोक्याशी एकमेकांकडे झुकतात, घर पडायला आल्यासारखं दिसतं. आम्ही कॅमेऱ्यावर साइटवरची छोटी पाणसळ ठेवत होतो आणि खांबाशी ओळंबा धरून खात्री करत होतो. कॅमेरा सरळ ठेवला की खालची निम्मी चौकट नुसती फरशी येते, आणि कडीपाट वर कापला जातो की काय अशी भीती वाटते. त्यावर उपाय म्हणजे जरा मागून घ्यायचा आणि छापताना खालची फरशी कापून टाकायची. चौरस निगेटिव्हचा हा मोठा फायदा. तुळया सरळ राहतात, छत पूर्ण येतं. महागड्या सरकत्या लेन्सचं निम्मं काम कात्रीने होतं.

आणखी एक खुबी आहे. वरचा डोळा खालच्यापेक्षा उंच असल्यामुळे जवळची वस्तू बघताना दिसते एक आणि येते जरा वेगळी. या कॅमेऱ्यात पडद्यावर एक काटा खाली सरकतो, त्याच्या वरचं फोटोत येणार नाही असं समजायचं. मखराचा कळस कापला जातो तो इथेच. काकू, मखराचं सांगणार होतो ते हे.

मीटर म्हणे चार सेकंद. रोल एचपी ५. एवढ्या लांब वेळेला फिल्म आळसावते, म्हणून आम्ही सहा दिले. सहा सेकंद आजी समईशेजारी पाटावर बसून होत्या, न हलता. आमच्याच हाताला कंप होता.

फोटो आला. चौदा फुटांची भिंत, दोन्ही खांब, देवघराचा कोनाडा, गौरी, गणपती, आणि डाव्या कोपऱ्यात दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलच्या आडव्या रेघा. नातवंडांची उंची मोजलेली, नावं आणि सालं लिहिलेली. ती आम्हाला तिथे उभं असताना दिसलीच नव्हती. प्रिंटवर आजींच्या मुलाने दाखवली. सगळ्यांत खालची रेघ त्याचीच होती.

तरुण मंडळी विचारतात, हे सगळं मोबाइलने झालं नसतं का? झालं असतं. औषधवाल्यांनी त्याच दिवशी मोबाइलने अख्खा चौक एका झटक्यात टिपला, आणि तो दर्शनी भागही, जो आमच्या कुठल्याच लेन्समध्ये मावला नाही. आम्ही मोबाइलला नावं ठेवत नाही. फक्त घरातलं उदाहरण देतो. आमच्याकडे आजोबांच्या लग्नाच्या निगेटिव्ह आहेत, पत्र्याच्या डब्यात, आजही छापता येतात. आणि एका घरगुती समारंभाच्या तीन सीडी आहेत, २००८ सालच्या, त्यांतली एक उघडते. म्हणून दोन्हीही काढतो.

आणि इंदूरला याची परंपरा आहे, हे इथे सांगायला हवं. १८६६ साली रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकून एक तरुण इंदूरला आला आणि पब्लिक वर्क्सच्या कचेरीत नकाशे-अंदाजपत्रकांच्या कामाला लागला. लाला दीनदयाळ. कॅमेरा त्यांनी इंदूरच्या नोकरीत असतानाच हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि इथले ब्रिटिश एजंट हेन्री डेली यांनी त्यांना पुढे आणलं. ग्वाल्हेर, सांचीसारख्या ठिकाणची त्यांची छायाचित्रं लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ च्या मध्य भारतातल्या वास्तूंवरच्या ग्रंथात आली, आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. आम्ही त्यांच्याशी बरोबरी करत नाही. पण दिवसा सरकारी मोजमापं आणि बाकीच्या वेळात इमारतींचे फोटो, हे काम या गावात आधी एकाने केलेलं आहे, एवढं आठवलं की आमच्या डिप्लोमावाल्याला बरं वाटतं.

वाडा या जानेवारीत उतरवला. पुढचा भाग रस्त्यात गेला आणि मागचा राहण्याजोगा उरला नाही. आजी मुलाकडे पुण्याला आहेत. प्रिंट त्यांच्या खोलीत लावली आहे. त्या आम्हाला फोनवर सांगतात, की उजवीकडचा खांब जरा कापला आहे. कापलेला नाही. पण आम्ही वाद घालत नाही.

आता काम. सहा घरं उरली आहेत, त्यांतल्या दोघांना नोटीस आलेली आहे. याशिवाय कुणाचं जुनं घर असेल, बक्षी गल्लीत, जुन्या इंदुरात, कुठेही, तर त्यांनी सांगावं. मंडळाच्या कार्यालयात वही ठेवली आहे. नाव, गल्ली, आणि ज्या खोलीत गणपती बसतो तिची लांबी-रुंदी लिहा. टेप नसेल तर पावलं मोजून लिहा, आम्ही येऊन मोजू. आणि मागच्या भिंतीला दार असेल, तर तेही लिहा.